भुट्टोंचा हिशेब: परराष्ट्र धोरण एका वहीत आणि अल्पसंख्याक दुसऱ्या वहीत?

कोयनाकाठ

परवा भाचा घरी आला होता. आंतरराष्ट्रीय संबंध या विषयात एम.ए. करतोय. जेवताना सिमला कराराचा विषय निघाला आणि तो म्हणाला, "मामा, झुल्फिकार अली भुट्टोंच्या तोडीचा परराष्ट्रमंत्री दक्षिण आशियात दुसरा झाला नाही. अहमदियांचं जे केलं ते वाईटच, पण ते खातं वेगळं." (अहमदिया म्हणजे मिर्झा गुलाम अहमद यांना पैगंबर मानणारा, पण स्वतःला मुसलमानच म्हणवणारा पंथ.) तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही. ते आता इथे लिहितो, कारण हे "खातं वेगळं" प्रकरण मला मुळातच पटत नाही.

आधी द्यायचं ते श्रेय देऊ. २० डिसेंबर १९७१ ला भुट्टोंच्या हाती जो पाकिस्तान आला त्याचा अर्धा भाग गेलेला होता. सुमारे ९३ हजार माणसं भारताच्या कैदेत होती आणि सिंध-पंजाबातला हजारो चौरस किलोमीटर मुलूख भारतीय सैन्याच्या ताब्यात होता. समोर बसलेल्या इंदिरा गांधींना देण्यासारखं या माणसाकडे काहीही नव्हतं. तरी २ जुलै १९७२ च्या करारात मुलूख परत मिळाला आणि काश्मीर प्रश्न कायमचा मिटल्याची सही काही त्यांनी दिली नाही. पुढे १९७३ च्या दिल्ली करारानंतर कैदी सुटायला लागले आणि १९५ जणांवर युद्धगुन्ह्यांचे खटले चालवायचा बांगलादेशचा आग्रहही १९७४ मध्ये सुटला. बांगलादेशला मान्यता देणं म्हणजे पराभवावर शिक्का मारणं होतं. भुट्टोंनी त्यासाठी प्रसंग कुठला निवडला पाहा: फेब्रुवारी १९७४, लाहोरची इस्लामी शिखर परिषद. सौदीचे राजे फैजल, गद्दाफी, सादात, अराफात आणि शेख मुजीब, सगळे एकाच छताखाली. हरलेल्या देशाचा नेता यजमान होऊन बसला. हे कौशल्य नाकारणारा मी नाही.

आता त्याच वर्षाची पुढची पानं उलटा. लाहोरची परिषद संपली २४ फेब्रुवारीला. एप्रिलमध्ये मक्केत राबिता अल-आलम अल-इस्लामी या सौदी आश्रयाखालच्या संस्थेने अहमदिया हे मुसलमान नाहीत असा ठराव केला. २९ मे ला रबवा या अहमदियांच्या मुख्य गावाच्या स्टेशनवर अहमदियांच्या जमावाकडून मुलतानच्या वैद्यकीय कॉलेजच्या विद्यार्थ्यांना मारहाण झाली आणि त्याचा सूड म्हणून पंजाबभर अहमदियांची घरं, दुकानं, मशिदी जळाल्या. माणसं मारली गेली. भुट्टोंनी प्रश्न राष्ट्रीय सभेकडे सोपवला. संपूर्ण सभेची एक विशेष समिती झाली, बंद दाराआड अहमदियांचे प्रमुख मिर्झा नासिर अहमद यांची कित्येक दिवस उलटतपासणी चालली आणि ७ सप्टेंबर १९७४ ला अहमदियांना गैरमुस्लिम ठरवणारी दुसरी घटनादुरुस्ती एकमताने मंजूर झाली. एका समाजाचा धर्म कोणता हे संसदेने मतदानाने ठरवलं! विरोधात एक हात वर झाला नाही.

मला सगळ्यात जास्त टोचतं ते वेगळंच. १९७० च्या निवडणुकीत याच अहमदियांनी भुट्टोंच्या पीपल्स पार्टीला भरभरून साथ दिली होती. मुल्ला-मौलवींच्या पक्षांपेक्षा हा समाजवादी, शिकलेला माणूस आपल्याला सांभाळेल असं त्यांना वाटलं होतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. १९७१ नंतर भुट्टोंनी देशाचं तोंड पश्चिमेकडे, आखाताकडे वळवलं. पैसा तिकडे होता, मान तिकडे होता, "इस्लामी जगाचं नेतृत्व" नावाची जखमेवरची फुंकर तिकडे होती. ज्या दिशेने तोंड वळवलं तिथल्या लोकांच्या मर्जीचा परिणाम घरात झालाच. त्यामुळे परराष्ट्र धोरणाला दहापैकी नऊ आणि अल्पसंख्याकांच्या बाबतीत दोन असे वेगळे गुण मला देता येत नाहीत. वही एकच आहे.

पश्चिमवारा

लेख मनापासून लिहिलाय, पण मूळ जोडणीच कच्ची वाटते. आधी परिषद, नंतर ठराव, नंतर घटनादुरुस्ती. एकामागून एक घडलं म्हणून एकामुळे दुसरं घडलं असं होत नाही.

अहमदियाविरोधी आंदोलन काय सौदी पैशाने सुरू झालं का? १९५३ मध्ये लाहोर पेटलं होतं, शहरात लष्करी कायदा लावावा लागला, तेव्हा तेलाचा पैसा कुठे होता? मागणी तीच होती: अहमदियांना गैरमुस्लिम ठरवा आणि परराष्ट्रमंत्री झफरुल्ला खान, जे स्वतः अहमदिया होते, यांना काढा. म्हणजे ही आग पंजाबातलीच. १९७४ च्या जूनमध्ये देशव्यापी हरताळ झाला, सगळा विरोधी पक्ष एकवटला, विद्यार्थी रस्त्यावर होते. पराभूत सैन्य पाठीशी नाही, बलुचिस्तानात बंड, सरहद्द प्रांत नाराज. अशा माणसाने काय करायला हवं होतं? सरकार पडू द्यायचं?

आणि परराष्ट्र धोरणात केवळ सिमला आणि लाहोर नाही. चीनशी मैत्रीची पायाभरणी परराष्ट्रमंत्री म्हणून त्यांनी केली, २ मार्च १९६३ चा सीमाकरार त्यांच्या सहीचा. (त्यात शक्सगाम खोरं चीनला गेलं आणि आपल्या दृष्टीने ती आपली जमीन, हे मला ठाऊक आहे. पण पाकिस्तानच्या हिताच्या मोजपट्टीने बघतोय.) जानेवारी १९७२ ला, सत्तेत येऊन महिना झालेला असताना, मुलतानला शास्त्रज्ञांना बोलावून अणुकार्यक्रमाचा निर्धार केला. सामान्य माणसाला पासपोर्ट मिळणं सोपं केलं, त्यामुळे लाखो मजूर आखातात गेले आणि त्यांच्या पैशावर पाकिस्तानातली खेडी उभी राहिली. आखाताकडे वळणं ही देश जगवायची निकड होती. त्याला "मर्जी राखणं" म्हणू नका.

छावणी

पश्चिमवारा, मुलतानच्या त्या बैठकीत कोण बसलं होतं ते लिहायला विसरलात. डॉ. अब्दुस सलाम. राष्ट्राध्यक्षांचे मुख्य विज्ञान सल्लागार, आणि अहमदिया. १९७४ च्या दुरुस्तीनंतर त्यांनी ते पद सोडलं. पाच वर्षांनी नोबेल मिळालं. वारल्यावर त्यांना रबव्यातच पुरलं, आणि थडग्यावरच्या "पहिले मुस्लिम नोबेल विजेते" या ओळीतला "मुस्लिम" शब्द पुसून टाकला गेला. तुमच्या श्रेयाच्या यादीतलाच एक माणूस दुसऱ्या यादीत बळी म्हणून सापडतो. कोयनाकाठ "वही एकच" म्हणतात ते मला इथे कळतं.

पण मला सिमल्याबद्दल बोलायचं आहे, कारण ते आमच्या घरातलं आहे. बाबा १९७१ च्या डिसेंबरात बाडमेर भागात होते. जयपूरचे भवानीसिंग यांच्या छत्रीधारी तुकडीने सिंधमध्ये आत घुसून छाछरो घेतलं, ते सगळ्यांना माहीत असतं. त्यानंतर काय झालं ते फारसं कुणी सांगत नाही. थरपारकरच्या त्या पट्ट्यात हिंदू वस्ती मोठी. सोढा राजपूत, मेघवाळ, भिल्ल. सैन्य आलं तशी हजारो कुटुंबं उंटांवर, गाढवांवर, पायी इकडे आली. बाबा सांगायचे, बायका डोक्यावर जातं घेऊन चालत होत्या. घर सोडताना जातं का उचललं असेल, हा प्रश्न त्यांना आयुष्यभर पडला.

सिमल्यात तो मुलूख परत द्यायचं ठरलं. भुट्टोंचा मोठा विजय. त्या लोकांपुढे प्रश्न उभा राहिला की आता परत जायचं का? बहुतेक गेले नाहीत. बाडमेर-जैसलमेरच्या छावण्यांमध्ये वर्षानुवर्षं राहिले, मग नागरिकत्व मिळालं. वाळू परत गेली, त्या वाळूत राहणारी माणसं नाही गेली. त्यांना विश्वास वाटेल असा एक शब्द भुट्टोंनी दिला असता तर? तसा प्रयत्न झाल्याचं माझ्या वाचनात कुठे आलेलं नाही. आपल्या बाजूनेही त्यांचा विचार करारात किती झाला, हे विचारायला हवंच.

उल्हासकन्या

मी सिंधी. जन्म उल्हासनगरचा, शाळा मराठी माध्यमाची, त्यामुळे लिहिते इथेच. माझी आजी लाडकाण्याची, म्हणजे भुट्टोंच्या गावची. (तुम्ही लारकाना लिहाल, आमच्या घरी लाडकाणोच.)

दोन-तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात, कारण भुट्टो आपल्याला वाटतात तितके परके नाहीत. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यात होता. त्यांचे वडील सर शाहनवाज भुट्टो मुंबई सरकारात मंत्री होते आणि १९४७ ला जुनागढचे दिवाण. झुल्फिकार मुंबईत कॅथेड्रल शाळेत शिकले, पिलू मोदी त्यांचे वर्गातले दोस्त. आई मूळची हिंदू. कराचीतल्या ज्या एन.जे.व्ही. शाळेत माझे पणजोबा शिकले ते नाव नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी माणसाचं आहे, सिंधीच्या शाळा उभारण्यात त्यांचा मोठा वाटा होता. कराचीत आजही मराठी बोलणारी हिंदू घरं आहेत.

हे सगळं सांगायचं कारण असं. मिश्र शहरात वाढलेला, मिश्र घरातला, पारशी-हिंदू मित्रांचा हा माणूस. त्याला अल्पसंख्याक म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. म्हणून माझा राग जास्त आहे. भुट्टोंना हटवून सत्तेवर आलेल्या लष्करशहा झियांनी जे केलं ते त्यांच्या श्रद्धेतून केलं असं म्हणता येईल. भुट्टोंची तशी श्रद्धा नव्हती. ते जाणून होते.

तरी एक न्यायाची गोष्टही सांगते. सिंधमधल्या जे राहिले त्या हिंदूंना भुट्टो आपले वाटायचे. अमरकोटचे राणा चंद्रसिंग पीपल्स पार्टीच्या संस्थापकांपैकी आणि त्यांच्या मंत्रिमंडळात. चितगाव डोंगराळ भागाचे चकमा राजे त्रिदिव राय, बौद्ध, पाकिस्तानात राहिले आणि तेही मंत्री झाले. जुलै १९७२ ला सिंधी भाषेचा कायदा झाला तेव्हा आमच्या नात्यातल्या म्हाताऱ्यांनी उल्हासनगरात पेढे वाटले होते, असं आई सांगते. सीमेपलीकडच्या आपल्या भाषेला मान मिळाला म्हणून. त्याच कायद्यावरून कराचीत उर्दू भाषकांशी दंगली झाल्या, रक्त सांडलं. एकाच कायद्याने एकांना मान दिला आणि दुसऱ्यांना भीती घातली.

जुनी सनद

वकिली केली आहे त्यामुळे पुराव्याची सवय. कोयनाकाठ, तुमच्या मांडणीत पश्चिमवारा यांनी दाखवलेली फट खरी आहे. राजे फैजल यांनी अट घातली आणि म्हणून दुरुस्ती झाली, असं म्हणायला पुरेसा आधार नाही. ते वाक्य तुम्ही थेट लिहिलेलं नाही, पण वाचणारा तसाच अर्थ घेईल.

तरीही तुमचा मुद्दा मला बरोबर वाटतो, आणि गंमत म्हणजे त्याचा आधार पश्चिमवारा यांच्याच उदाहरणात आहे: १९५३.

त्या दंगलींची चौकशी न्या. मुनीर आणि न्या. कयानी यांनी केली. १९५४ चा तो अहवाल ज्यांना शक्य आहे त्यांनी जरूर वाचावा. उलेमा पंतप्रधान ख्वाजा नाझिमुद्दीन यांना भेटायला गेले आणि झफरुल्ला खान यांना काढा म्हणाले. नाझिमुद्दीन स्वतः अत्यंत धार्मिक माणूस. त्यांनी नकार दिला. कारण काय दिलं? झफरुल्लांना काढलं तर अमेरिकेकडून गहू मिळणार नाही. देशात तेव्हा धान्याची टंचाई होती आणि वॉशिंग्टनमध्ये, संयुक्त राष्ट्रांत झफरुल्लांचं वजन होतं.

आता १९५३ आणि १९७४ शेजारी ठेवा. मागणी तीच, मागणारे बरेचसे तेच, रस्त्यावरचा दबाव दोन्ही वेळी प्रचंड. पहिल्या वेळी बाहेरच्या जगाशी असलेलं नातं अहमदियांच्या बाजूने उभं राहिलं, कारण गहू ज्या दिशेने येणार होता तिथे या ठरावाने नाचक्की झाली असती. दुसऱ्या वेळी पैसा ज्या दिशेने येणार होता तिथे या ठरावाने कौतुक होणार होतं. सौदीने सांगितलं म्हणून केलं, असं सिद्ध करायची गरजच उरत नाही. नकार द्यायला जी टेकू लागते ती सरकली होती, आणि ती सरकवणारं धोरण भुट्टोंचं होतं.

कायद्याच्या बाजूने आणखी एक. दुरुस्तीची जमीन १९७३ च्या घटनेतच नांगरून ठेवलेली होती. राष्ट्राध्यक्ष आणि पंतप्रधान मुसलमानच हवा, आणि त्यांनी घ्यायच्या शपथेत मुहंमद पैगंबर हे अखेरचे पैगंबर आहेत ही श्रद्धा जाहीर करायची. हे सगळं रबव्याच्या आधीचं आहे. मे १९७४ च्या दबावाखाली भुट्टो वाकले ही कहाणी म्हणूनच अपुरी आहे.

तुलनेसाठी: १९७० मध्ये आपल्याकडे केरळ उच्च न्यायालयात हाच प्रश्न आला होता, अहमदिया झालेला मुसलमान हा मुसलमान राहतो का? न्या. कृष्णा अय्यर यांनी निकाल दिला, राहतो. तो प्रश्न दोन माणसांच्या खटल्यातून आला आणि न्यायाधीशाने कायद्याची पुस्तकं उघडून सोडवला. चार वर्षांनी तोच प्रश्न शेजारी संसदेत मतांनी सुटला.

पश्चिमवारा

गव्हाचा मुद्दा मला माहीत नव्हता. मान्य करतो, माझा १९५३ चा दाखला माझ्यावरच उलटला.

पण मग प्रामाणिकपणे पुढचं विचारतो. झिया उल हक यांनी १९८४ चा वटहुकूम काढला, अहमदियांनी स्वतःला मुसलमान म्हणणं, मशिदीला मशीद म्हणणं हा गुन्हा ठरवला. १९८६ ला ईशनिंदेसाठी मृत्युदंड आणला. अल्पसंख्याकांसाठी स्वतंत्र मतदारसंघ केले. या सगळ्याचा भार भुट्टोंच्या डोक्यावर कसा? १९७४ च्या दुरुस्तीत शिक्षा नव्हती, पूजेवर बंदी नव्हती. व्याख्या होती फक्त.

कोयनाकाठ

आधी जुनी सनद यांना. मी जे घाईत लिहिलं ते तुम्ही दुरुस्त केलंत. "मर्जीचा परिणाम" हे माझे शब्द मागे घेतो. टेकू सरकली, हे जास्त खरं आहे.

पश्चिमवारा, "व्याख्या फक्त" असं म्हणू नका हो. एकदा राज्याने तू मुसलमान नाहीस असं ठरवलं, की मग तू मुसलमान असल्यासारखं वागतोस हा गुन्हा ठरवायला एक वटहुकूम पुरतो. झियांना नवं काही शोधावं लागलं नाही. गुन्हा झियांचा, मी तो भुट्टोंवर टाकत नाही. पण त्या गुन्ह्याला लागणारी व्याख्या लोकांनी निवडून दिलेल्या, घटना लिहिणाऱ्या, समाजवादी म्हणवणाऱ्या सरकारने तयार केली होती. लष्करशहाच्या वटहुकमाला तेवढी प्रतिष्ठा कधीच मिळाली नसती.

आणि बलुचिस्तानवर मी मूळ लेखात लिहिलंच नाही, ते चुकलं. तिथे तर दोन्ही वह्या अक्षरशः एकाच पानावर येतात. १० फेब्रुवारी १९७३ ला इस्लामाबादेतल्या इराकी वकिलातीत शस्त्रसाठा सापडला. त्याचा हवाला देत अताउल्ला मेंगल यांचं निवडून आलेलं सरकार बडतर्फ. निषेध म्हणून सरहद्द प्रांतातल्या मुफ्ती महमूद यांच्या सरकारने राजीनामा दिला. मग डोंगरात बंड आणि १९७७ पर्यंत लष्करी कारवाई. इराणच्या शहांनी हेलिकॉप्टरं दिली, कारण त्यांच्या बाजूलाही बलुच होते आणि त्यांना ती ठिणगी नको होती. तेहरानशी मैत्री हे भुट्टोंच्या धोरणाचं यश म्हणून शिकवलं जातं. चमालंगच्या कुरणात मेंढरं घेऊन उतरलेल्या मरी या बलुच टोळीच्या कुटुंबांनी १९७४ च्या सप्टेंबरात ती मैत्री आकाशातून येताना पाहिली.

सप्टेंबर १९७४. त्याच महिन्यात दुसरी दुरुस्ती.

छावणी

बलुच अल्पसंख्याक म्हणावेत का, यावर कुणी आक्षेप घेईल, ते मुसलमानच आहेत. पण संख्येने सगळ्यात लहान प्रांत, वेगळी भाषा, केंद्रात आवाज नाही. मला तरी तो शब्द खटकत नाही.

बिहारींचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. फाळणीत बिहार, उत्तर प्रदेशातून पूर्व पाकिस्तानात गेलेले उर्दू भाषक मुसलमान. १९७१ ला त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी पाकिस्तानी सैन्याची बाजू घेतली आणि नंतर बंगाली सूडाला तोंड दिलं. ते म्हणत होते, आम्ही पाकिस्तानी, आम्हाला घेऊन चला. दिल्ली करारात कैद्यांबरोबर त्यांच्या स्थलांतराचाही भाग होता. सैनिक एप्रिल १९७४ पर्यंत सगळे परत गेले. बिहारींपैकी सुमारे १ लाख ७० हजार घेतले आणि बाकीच्यांसाठी दार बंद. सिंधमध्ये आधीच उर्दू-सिंधी तणाव, त्यात आणखी उर्दू भाषक आणून बसवणं भुट्टोंना परवडणारं नव्हतं, हा हिशेब समजतो. पण ज्यांनी पाकिस्तानच्या नावाने सगळं गमावलं तेच ढाक्याच्या छावण्यांत राहिले. तिथे जन्मलेल्यांना नागरिक मानायला बांगलादेशच्या उच्च न्यायालयाचा २००८ चा निकाल यावा लागला.

उल्हासकन्या

आपण सगळे १९७२ पासून सुरुवात करतोय. का?

भुट्टोंच्या अल्पसंख्याकविषयक कामगिरीची सुरुवात मार्च १९७१ पासून व्हायला हवी. निवडणूक शेख मुजीब यांनी जिंकली होती, पूर्व पाकिस्तानातल्या १६२ पैकी १६० जागा. ढाक्याला ३ मार्चला राष्ट्रीय सभा भरायची होती, भुट्टोंनी जायला नकार दिला. २५ मार्चच्या रात्री सैन्य सुटलं तेव्हा ते ढाक्यातच एका हॉटेलात होते. दुसऱ्या दिवशी कराचीला उतरून म्हणाले, देवाच्या कृपेने पाकिस्तान वाचला. त्यानंतरच्या नऊ महिन्यांत बंगाली हिंदू वेचून मारले गेले. सुमारे १ कोटी निर्वासित भारतात आले, त्यात बहुसंख्य हिंदू. आदेश तेव्हाचे लष्करी राष्ट्राध्यक्ष याह्या खान आणि पूर्वेतले सेनानी टिक्का खान यांचा होता हे खरं. पण पुढे टिक्का खान यांना लष्करप्रमुख कुणी केलं? मार्च १९७२ मध्ये, भुट्टोंनी.

१५ डिसेंबरला सुरक्षा परिषदेत कागद फाडून बाहेर पडले, तो प्रसंग अजून लोक कौतुकाने बघतात. त्या नऊ महिन्यांत मेलेल्यांविषयी तिथे त्यांनी काय म्हटलं, ते कुणी शोधत नाही. मला त्या दृश्याकडे बघवत नाही.

पश्चिमवारा

टिक्का खान यांची नेमणूक अक्षम्य आहे. यावर मी वाद घालणार नाही.

तरी मी माझ्या एका मतावर ठाम आहे. हे सगळं मान्य करूनही सिमल्यातली वाटाघाट ही वाटाघाट म्हणून शिकण्यासारखी आहे. शस्त्रक्रिया उत्तम करणारा डॉक्टर माणूस म्हणून वाईट असू शकतो, त्याचं तंत्र विद्यार्थ्यांनी शिकायचं नाही का?

जुनी सनद

शिकावं. फक्त रुग्ण कोण होता, आणि टेबलावर नसलेल्या कुणाचं रक्त वापरलं, तेही त्याच तासाला शिकवावं.

झियांच्या काळात भुट्टोंवर खुनाच्या आरोपाखाली चाललेल्या खटल्याचं इथे सांगायला हवं. लाहोर उच्च न्यायालयाने फाशी दिली, सर्वोच्च न्यायालयात अपील ४ विरुद्ध ३ असं फेटाळलं गेलं, फेब्रुवारी १९७९. वाचवू पाहणारे तीन न्यायमूर्ती होते: मुहम्मद हलीम, सफदर शाह आणि दोराब पटेल. दोराब पटेल पारशी. पुरावा पुरेसा नाही, असं त्यांनी लिहिलं. १९८१ ला झियांच्या हुकमाखाली नवी शपथ घ्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी ती घेतली नाही आणि पद सोडलं. ४ एप्रिल १९७९ ला फाशी झाली. मार्च २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने मत दिलं की भुट्टोंना न्याय्य सुनावणी मिळाली नव्हती. दोराब पटेलांना ते ४५ वर्षं आधी दिसलं होतं.

मी भुट्टोंचा चाहता नाही. पण त्यांच्या फाशीविषयी आपल्याकडे जे "केलं तसं भोगलं" म्हणतात, ते मला कधीच म्हणवलं नाही. अन्याय्य खटला हा कुठल्याही पापाचा हिशेब नसतो.

दापोलीवाट

बरेच दिवस नुसता वाचत होतो. मी कोकणी मुसलमान, गेली १६ वर्षं कुवेतला. इथे सगळे देशांवरून, कायद्यांवरून लिहितायत, मी एका माणसाचं लिहितो.

आमच्या साइटवर एक सर्वेक्षक होता, सियालकोटकडचा. जुम्म्याला आम्ही सगळे मशिदीत जायचो, हा कधी यायचा नाही. पोट बिघडलंय, पाय दुखतोय. दीड वर्षानं एका रात्री, खोलीत आम्ही दोघंच असताना, त्यानं दार लावून सांगितलं की मी अहमदी आहे. आवाज इतका खाली की मला पुन्हा विचारावं लागलं. मी म्हटलं, भाई, मला काय फरक पडतो? तो म्हणाला, तुला नाही पडत, तू हिंदुस्थानी आहेस.

पाकिस्तानात पासपोर्टच्या अर्जावर मुसलमान लिहायचं तर मिर्झा गुलाम अहमद खोटे होते या जाहीरनाम्यावर सही करावी लागते. ती केली नाही तर पासपोर्टवर धर्म अहमदी. आणि तसा पासपोर्ट असला की हजचा रस्ता बंद. पश्चिमवारा, तुम्ही लिहिलंत की भुट्टोंनी पासपोर्ट सोपा केला आणि लाखो लोक आखातात आले. खरं आहे, त्याचे चुलते पहिल्या लाटेतच आले होते. तोच पासपोर्ट आहे.

छावणी

दापोलीवाट, लिहिलंत हे फार बरं केलंत. एक विचारू का? भुट्टोंबद्दल तो कधी काही बोलला का? चांगलं, वाईट, काहीही?

दापोलीवाट

बोलला होता, ताई. मी मुद्दाम विचारलं होतं, कारण मला वाटलं शिव्या देईल. दिल्या नाहीत. म्हणाला, अब्बांनी सत्तर सालच्या निवडणुकीत पीपल्स पार्टीसाठी गावोगाव सायकल मारली होती. पक्षाचं चिन्ह तलवार होतं. चौऱ्याहत्तरला गावातलं त्यांचं कापडाचं दुकान जळलं. जाळणाऱ्यांत सायकलवर बरोबर फिरलेली दोन पोरं होती.

तलवारीचा बिल्ला अब्बांनी टाकला नाही. अजून घरी कपाटात आहे म्हणाला, आईच्या बांगड्यांच्या डब्यात. का ठेवलाय ते त्यानं कधी विचारलं नव्हतं.